कापडाच्या गाठीतला साहेब

भिवंडीत वाढलेल्या माणसाची नजर कुठेही आधी कापडावर जाते. आफ्रिकेच्या सफरींची पुस्तकं मी वर्षानुवर्षं वाचत आलो तीही याच खोडीपायी. कॅनव्हासचा तंबू, कंदील, शेकोटी, दूरवर सिंहाची गर्जना: आजचे सफारी कॅम्प हेच चित्र विकतात. तंबू ठोकायचा कोणी, हे जाहिरातीत नसतं. एकोणिसाव्या शतकात त्या माणसांपैकी काही आमच्या आग्रा रोडनं पुढे लागणाऱ्या नाशिकची होती.

गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकजवळ शरणपूरला ठेवून शिकवलं, सुतारकी-लोहारकीला लावलं. डॉक्टर आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन 1866 मध्ये मुंबईहून आफ्रिकेला निघाला तेव्हा त्यांतले नऊ जण त्याच्यासोबत होते. शरणपूरचाच जेकब वेनराइट मागाहून, 1872 मध्ये, पत्रकार स्टॅनलीनं धाडलेल्या कुमकेबरोबर पोचला.

तोवर सफरीची ऐट कसली उरली होती! 24 मार्च 1873 रोजी बांगवेउलूच्या दलदलीत, एकही झाड नसलेल्या बेटावर वाऱ्यानं तंबू हातातून हिसकावून नेला. भिजलेल्या सामानावरच डॉक्टरनं रात्र काढली. 1 मेला चितांबोच्या गावी, एका झोपडीत तो वारला. पेट्यांतल्या चीजवस्तूंची यादी जेकबनं केली, काळीज पुरताना प्रार्थना त्यानंच वाचली, झाडावर अक्षरंही त्यानंच कोरली. देह मीठ लावून वाळवला, कापडात गुंडाळून झाडाच्या सालीत घातला, वरून शिडाचं कापड शिवलं. सुसी आणि चुमा या म्होरक्यांच्या मागे काफिला किनाऱ्याकडे निघाला.

उन्यान्येंबेला कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्यानं देह इथेच पुरा, असं सुचवलं. ऐकतो कोण! पुढे कासेकेराच्या लोकांनी प्रेताला वाट नाकारली. मग यांनी ज्वारीच्या ताटांची माणसाएवढी मोळी बांधून कापडात गुंडाळली. सहा जण ती पुरायला म्हणून मागे घेऊन गेले आणि रानात टाकून आले. खरा देह सालीतून काढून कापडाच्या गाठीसारखा बांधला. त्या मुलखात जाडंभरडं कापड हेच चलन, वाटेतले करही त्यातच भरायचे. गाठीकडे वळून कोण पाहणार? फेब्रुवारी 1874 मध्ये ती किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचली.

18 एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर जेकब होता. सुसी आणि चुमा अंत्यविधीनंतर इंग्लंडात पोचले, तरी लिव्हिंगस्टनचा स्नेही होरेस वॉलर यानं त्याच्या अखेरच्या रोजनिश्या छापताना भर दिला तो या दोघांच्या सांगण्यावर. जेकबची डायरी त्याच वर्षी निघाली, पण जर्मन भाषांतरात! इंग्रजी हस्तलिखित स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरच्या संग्रहालयात राहिलं, ते सर्वांपुढे आलं 2019 मध्ये. जेकब 1892 मध्येच उरांबोला वारला होता.

डॉक्टरच्या मृत्यूचा, आफ्रिकी साक्षीदारानं स्वहस्ते लिहिलेला हा एकमेव वृत्तान्त. तो इतकी वर्षं बाजूला पडला, याला मी योगायोग म्हणणार नाही. नोकरानं तोंडी सांगावं, साहेबानं लिहावं, ही त्या काळची वहिवाट होती. नाशिकला शिकलेल्या या पोरानं ती मोडली.