एकल संवादिनी वादन

एकल संवादिनी वादन म्हणजे गायकाची किंवा अन्य वाद्याची साथ न करता, केवळ तबल्याच्या संगतीने संवादिनीवर (हार्मोनियमवर) सादर केलेली स्वतंत्र मैफल होय. बोलीभाषेत या वाद्यास पेटी किंवा बाजाची पेटी असे म्हणतात. साथीचे वाद्य म्हणून संवादिनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. स्वतंत्र मैफलीचे वाद्य म्हणून मान्यता मिळण्यासाठी मात्र तिला दीर्घ काळ वाट पाहावी लागली.

पार्श्वभूमी

पाश्चात्त्य संगीतात स्वरपट्टीच्या वाद्यावर एकाच कलावंताने संपूर्ण कार्यक्रम करण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकाच्या १८४० मधील लंडन येथील कार्यक्रमासाठी ‘रिसायटल’ हा शब्द वापरला गेला व पुढे तो प्रचलित झाला. अशा कार्यक्रमात प्रबोधनकाळातील विल्यम बर्डपासून बाख, बेटहोवन, शोपँ, द्यबुसी आणि समकालीन रचनाकारांपर्यंतचा पट एकाच बैठकीत मांडता येतो.

हार्मोनियमचे एकस्व अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिस येथे घेतले. भारतात ते वाद्य प्रथम पायपेटीच्या स्वरूपात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यातील द्वारकानाथ घोष यांनी त्यास हाताने भाता चालवण्याचे सुटसुटीत रूप दिले. त्यामुळे जमिनीवर बसून एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने पट्ट्या हाताळणे शक्य झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून (१८८०) बहरलेल्या संगीत रंगभूमीवर सारंगीबरोबर पायपेटी आणि ऑर्गन यांना स्थान मिळाले. या वाद्यांचे पहिले नामवंत मराठी वादक बहुतांशी नाटक मंडळ्यांच्या वातावरणात घडले.

प्रमुख वादक

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे एकल वादनाच्या परंपरेतील आद्य नाव मानले जाते. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या पदांना त्यांनी चाली दिल्या होत्या. बेळगावच्या परिसरात विठ्ठलराव कोरगावकर व रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी ही परंपरा जोपासली. पी. मधुकर (मधुकर पेडणेकर) यांच्या वादनात गती व स्वच्छता यांचा मेळ होता. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) हे मूळचे गोव्यातील बोरीचे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. नागपूरचे मनोहर चिमोटे (१९२९–२०१२) यांनी वाद्यास स्वरमंडळाची जोड देऊन ते ‘संवादिनी’ या नावाने एकल वाद्य म्हणून रुजवले.

मराठवाड्याच्या दृष्टीने आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म जालन्याजवळील जळगाव या खेड्यात झाला. भीमसेन जोशी यांच्यासह अनेक गायकांना त्यांनी साथ केली. त्यांना २००० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आकाशवाणीवरील बंदी

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. मींड, श्रुती व आंदोलन हा भारतीय संगीताचा प्राण असून ठरीव स्वरांचे हे वाद्य त्यास बाधक आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूर यांचाही या वाद्यास विरोध होता. ही बंदी १९७१ मध्ये शिथिल झाली, परंतु ती सवलत प्रामुख्याने साथीपुरती होती. एकल वादनास नभोवाणीवर त्यानंतरही बराच काळ वाव मिळाला नाही.

आक्षेप व उपाय

समविभाजित पद्धतीत सप्तकाचे १२ सारखे भाग पडतात व प्रत्येक भाग १०० सेंटचा असतो. त्यामुळे शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. पंचमातील फरक केवळ २ सेंटचा असल्याने तो सहसा जाणवत नाही, पण गंधारातील १४ सेंटचा फरक तयार कानास खटकतो. यावर उपाय म्हणून वादकाचा षड्ज ठरवून उर्वरित स्वर त्याच्याशी जुळवून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली. तिला ‘गांधार ट्युनिंग’ असे म्हणतात. अशा पेटीवर सूर शुद्ध लागतात, परंतु दुसरी पट्टी षड्ज धरल्यास ती बेसूर होते. डॉ. विद्याधर ओक यांनी षड्ज व पंचम वगळता उर्वरित १० स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती देणारी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली.

मींडेचा प्रश्न मात्र यंत्ररचनेने सुटत नाही, कारण प्रत्येक पट्टीखालचा सूर स्थिर असतो. कुशल वादक कणस्वर, पट्ट्या न तोडता केलेला बोटांचा प्रवास आणि भात्याच्या दाबातील चढउतार यांच्या साहाय्याने मींडेचा आभास निर्माण करतात.

मैफलीचे स्वरूप

एकल मैफल सामान्यतः रागाच्या आलापाने सुरू होते. त्यानंतर विलंबित व द्रुत लयीतील विस्तार, ठुमरी किंवा दादरा, नाट्यपद, अभंग आणि अखेरीस भैरवी असा क्रम असतो. ध्रुपद-ख्यालाचा जुना वारसा आणि विसाव्या शतकातील नाट्यपदे एकाच बैठकीत ऐकावयास मिळतात. या अर्थाने ती पाश्चात्त्य ‘रिसायटल’च्या जवळ जाते. तेथे वादक लिखित रचना वाजवतो, तर येथे बंदिशीचा मुखडा ठरलेला असला तरी विस्तार त्या क्षणी रचला जातो, हा दोहोंतील मुख्य भेद आहे.

नांदेड व लातूर परिसर

मराठवाड्यात पेटी प्रामुख्याने भजन-कीर्तनातून रुजली. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावोगावच्या भजनी मंडळांत टाळ-पखवाजाबरोबर पेटी असते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे गुरुवाणीचे कीर्तन करणारे रागी जथे हेच वाद्य वापरतात. या दोन्ही परंपरांत पेटी शब्दांच्या मागे चालते, कारण तेथे मान अभंगाला किंवा गुरुवाणीला असतो. एकल वादनात शब्दांचा हा आधार नसतो व रागाची सारी मांडणी वादकास केवळ सुरांतून करावी लागते. म्हणून साथीत निपुण असलेल्या वादकासही त्यासाठी रागविस्ताराचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो.