हद्दीचा दगड

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या राज्यांच्या हद्दीवर, एका शेताच्या कडेला, गुडघ्याएवढा दगड आम्ही पाहिला. एका अंगावर ‘पी’ हे अक्षर, दुसऱ्यावर ‘एम’. बांधावरून होणारे तंटे आपल्याला नवे नाहीत. हा तंटा पेन आणि कॅल्व्हर्ट या दोन जमीनदार घराण्यांचा. तो मिटावा म्हणून मेसन आणि डिक्सन या इंग्रजांनी १७६३ ते १७६७ या काळात ताऱ्यांचे वेध घेत ही रेषा आखली. मैलामैलावर रोवायचे दगड इंग्लंडहून जहाजाने आले.

पुढे या रेषेचा अर्थच पालटला. पेनसिल्व्हेनियाने १७८० साली गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याचा कायदा केला; मेरीलँडमध्ये ती १८६४ पर्यंत टिकली. १८४९ साली हॅरिएट टबमन मेरीलँडमधून निसटून पेनसिल्व्हेनियात पोचल्या. पण १८५० च्या कायद्याने हद्दीपलीकडे गेलेल्यांनाही धरून परत नेणे आणखी सोपे झाले. मोजणी करणाऱ्यांनी जमीन वाटली होती. माणसे वाटली ती कायद्याने.

आम्ही दगड ओलांडून पलीकडे गेलो. कोणी हटकले नाही. याच एका पावलासाठी एके काळी माणसे रात्रीच्या रात्री चालत आली होती.