जठराचे विकार आणि संप्रेरकांचा बिघाड : नेहमीच्या ‘ॲसिडिटी’मागे काय दडलेले असू शकते?

पोटात जळजळ झाली, आंबट ढेकर आले, मळमळू लागले की ‘ॲसिडिटी झाली’ असे आपण सहज म्हणतो आणि औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ही तक्रार किरकोळच असते व दोन-चार दिवसांत नाहीशी होते. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत ती महिनोन्‌महिने टिकते, वजन उतरू लागते, अंगातील त्राण जाते आणि अखेरीस निदान होते ते जठराच्या नव्हे, तर गळ्यातील किंवा मूत्रपिंडावरील एखाद्या छोट्याशा ग्रंथीच्या विकाराचे. जठर आणि संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, यांचे नाते फार जवळचे आहे. ते ध्यानात न घेता केवळ आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत राहणे प्रसंगी जिवावर बेतू शकते. म्हणून या विकारांची लक्षणे व त्यांतून उद्भवणारे धोके यांची ओळख प्रस्तुत लेखात करून घेऊ.

वस्तुतः हार्मोन ही संकल्पनाच पचनसंस्थेच्या अभ्यासातून जन्माला आली. पचनाचे कार्य मज्जातंतूंच्या हुकुमानेच चालते, असे पूर्वी मानले जात असे. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून रक्तात उतरणारे आणि स्वादुपिंडाला पाचकरस सोडावयास लावणारे द्रव्य दाखवून दिले. त्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले. १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. त्याच वर्षी जॉन एडकिन्स यांनी जठरातील गॅस्ट्रिनचे अस्तित्व मांडले. जठराला आम्ल तयार करण्याचा आदेश हेच गॅस्ट्रिन देते. भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन हे संप्रेरकही मुख्यत्वे जठरातच तयार होते, हे १९९९ साली जपानी संशोधकांना उमगले. तेव्हा जठर ही केवळ अन्नाची पिशवी नव्हे. ती स्वतःच संप्रेरके निर्माण करणारी ग्रंथीही आहे.

जठराच्या विकारांत सर्वांत परिचित म्हणजे व्रण किंवा अल्सर. तो जठरात असेल तर जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात दुखते आणि रुग्ण खाण्यास भिऊ लागतो. तो लहान आतड्याच्या पहिल्या भागात असेल तर उपाशीपोटी, विशेषतः मध्यरात्रीनंतर, दुखून जाग येते आणि काही खाल्ले की बरे वाटते. लक्षणांची ही विभागणी पुस्तकात दिसते तितकी काटेकोर मात्र प्रत्यक्षात नसते. काळजी, जागरण व तिखट यांमुळे अल्सर होतो, अशी दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८२ साली दाखवून दिले की, बहुसंख्य रुग्णांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी हे जंतू असलेले द्रव स्वतः प्राशन केले व स्वतःच्या जठराला दाह झाल्याचे सिद्ध केले. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूवरील औषधे साधारणपणे चौदा दिवस घ्यावी लागतात. पाचव्या दिवशी बरे वाटू लागले म्हणून ती सोडून देणाऱ्यांच्या पोटात जंतू तसाच राहतो, आणि पुढे त्याच औषधांना दाद देत नाही.

अल्सरचे दुसरे मोठे कारण आपल्याच घरातील डब्यात असते. गुडघेदुखी व कंबरदुखीवरील डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि ॲस्पिरिन जठराचे संरक्षक आवरण दुबळे करतात. वृद्धांच्या बाबतीत कठीण गोष्ट अशी की, वेदनाशामक औषधांमुळे झालेला व्रण पुष्कळदा दुखतच नाही. रक्तस्राव हेच त्याचे पहिले लक्षण ठरते. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखा काळसर पदार्थ पडणे किंवा शौच डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधीयुक्त होणे म्हणजे आत रक्तस्राव होत आहे असे समजावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते असे चिकट नसते. व्रणाने जठराला भोक पडले तर सुरी खुपसल्याप्रमाणे अकस्मात वेदना होते, पोट फळीसारखे कडक होते, कधी खांद्यातही कळ येते. अशा वेळी पोट शेकत बसणे किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय, कारण शस्त्रक्रियेला उशीर होईल तसा वाचण्याचा संभव घटत जातो. जुन्या व्रणामुळे जठराचे खालचे तोंड आकसले तर आदल्या दिवशीचे अन्न उलटीत पडते. हेलिकोबॅक्टर हा जठराच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याची गणना कर्करोगकारकांत केली.

क्वचित प्रसंगी व्रण पुनःपुन्हा होतात, एकाच वेळी अनेक ठिकाणी होतात आणि सोबत जुलाबही लागतात. १९५५ साली अमेरिकेतील रॉबर्ट झॉलिंजर व एडविन एलिसन या शल्यविशारदांनी असे रुग्ण वर्णिले. त्यांच्या स्वादुपिंडात गाठी आढळल्या. अशा गाठी लहान आतड्याच्या आरंभीही असतात आणि त्या अविरत गॅस्ट्रिन पाझरत राहतात, हे पुढे कळले. हा विकार दुर्मीळ आहे. परंतु अशा रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांत हा दोष आनुवंशिक असतो आणि त्यांच्या गळ्यातील परावटू ग्रंथीही बिघडलेल्या असतात. या ग्रंथींचा स्राव वाढला की रक्तातील कॅल्शियम वाढते आणि बद्धकोष्ठता, मळमळ, पोटदुखी, मूतखडे, हाडांचे दुखणे व मनाची खिन्नता अशा एकमेकींशी असंबद्ध वाटणाऱ्या तक्रारी सुरू होतात. रक्तातील कॅल्शियमची साधी चाचणी हे कोडे पुष्कळदा सोडवते.

जठर व ग्रंथी यांच्या विकारांची गाठ एका व्यक्तीच्या नावाशी विलक्षण रीतीने पडलेली आहे. लंडनच्या गायज इस्पितळातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८४९ साली एका घातक रक्तक्षयाचे वर्णन केले. त्याचे कारण शोधत असतानाच त्यांना मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा वेगळाच रोग आढळला आणि १८५५ साली त्यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. पहिला रोग जठराचा आहे हे त्यांच्या हयातीत कोणालाच ठाऊक नव्हते. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जठरातील पेशींवरच उलटते व बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यास आवश्यक असलेला घटक तयार होईनासा होतो. थकवा, फिकटपणा, जिभेची आग, हातापायांना मुंग्या आणि अंधारात चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. उपचारास विलंब झाला तर मज्जारज्जूला झालेली इजा पुरती भरून येत नाही. आणि केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असण्याचे कारण आहारात सापडते. आपल्या किनारपट्टीवरील, रोज मासळी खाणाऱ्या माणसात ते कमी निघाले, तर मात्र जठराची तपासणी करावयास हवी. तसेच मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लशामक गोळ्या वर्षानुवर्षे चालू आहेत काय, हेही पाहावयास हवे. अशा रुग्णांपैकी अनेकांना थायरॉइडचा विकारही असतो, कारण प्रतिकारयंत्रणेचा तोच दोष दोन्हीकडे हल्ला करतो.

ॲडिसन यांचा दुसरा रोग अधिक फसवा आहे. अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल व अल्डोस्टेरॉन ही जीवनावश्यक संप्रेरके तयार करतात. त्या हळूहळू निकामी होऊ लागल्या की भूक मंदावते, मळमळ व उलट्या होतात, पोट दुखते, कधी जुलाब होतात, वजन घटते. ही सारी लक्षणे जठराचीच वाटतात व रुग्ण वर्षभर ‘गॅस’ची औषधे घेत राहतो. लक्षपूर्वक पाहिले तर आणखी काही खुणा दिसतात : उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, खारट खाण्याची अनावर इच्छा होते, लोणच्याचा खार किंवा नुसते मीठही गोड लागते. त्वचा काळवंडते. मूळच्या सावळ्या वर्णात हा फरक चटकन कळत नाही, म्हणून तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, जुने व्रण आणि हिरड्या पाहाव्यात, तसेच दोन-तीन वर्षांपूर्वीच्या छायाचित्राशी चेहरा ताडून पाहावा. पाश्चात्त्य देशांत आज या रोगाचे प्रमुख कारण प्रतिकारयंत्रणेचा दोष हे असले, तरी आपल्या देशात क्षयरोगाने या ग्रंथी नष्ट झाल्याचे अजूनही आढळते. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

अशा रुग्णाला ताप आला, अपघात झाला वा शस्त्रक्रिया करावी लागली, तर शरीराला एरवीपेक्षा अधिक कॉर्टिसोल लागते, आणि ते नसते. मग तीव्र पोटदुखी, अखंड उलट्या, रक्तदाब कोसळणे, बेशुद्धी अशी अवस्था काही तासांत येते. या पोटदुखीला आतड्याचा आजार समजून पोट उघडण्यात आल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. वस्तुतः हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाइन वेळेवर मिळाले तर रुग्ण झपाट्याने सावरतो. ज्यांचे निदान झालेले आहे त्यांनी तापात गोळ्यांचा डोस वाढवावयाचा असतो. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनासाठी तातडीने इस्पितळ गाठावयाचे असते. आपला आजार लिहिलेली चिठ्ठी त्यांनी सदैव खिशात बाळगावी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच विकार होता आणि औषधांच्या आधारे त्यांनी ते पद भूषविले.

याच संकटाची एक मानवनिर्मित आवृत्ती आपल्या गावांत आढळते. सांधेदुखी, दमा, खाज यांवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. गुण येतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि लोकांना वाटते तब्येत सुधारली. आत मात्र रक्तातील साखर व रक्तदाब वाढत असतात, हाडे ठिसूळ होत असतात. जोडीला वेदनाशामक गोळी असेल तर जठरात व्रण पडण्याचा धोका कितीतरी वाढतो. बाहेरून आयते स्टेरॉइड मिळत असल्याने अधिवृक्क ग्रंथी काम करणे सोडून देतात. अशा वेळी पुडी एकाएकी बंद केली तर वर सांगितलेली अवस्था ओढवते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे. तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ घेतलेल्या गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत; त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी कराव्यात.

थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, आपल्या वाचकांना अधिक परिचित आहे. तिचा स्राव घटला की बद्धकोष्ठता, पोटफुगी, वजनवाढ, थंडी सहन न होणे, स्त्रियांत पाळीच्या वेळी अधिक रक्तस्राव अशी लक्षणे दिसतात. स्राव वाढला की वारंवार शौचास होते, भरपूर खाऊनही वजन उतरते, छाती धडधडते, हात थरथरतात. वृद्धांत यांपैकी काहीच ठळक नसते. केवळ अन्नावरची वासना जाते व शरीर वाळते, त्यामुळे घरच्यांना कर्करोगाची शंका येते. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी व चहा अर्ध्या-पाऊण तासाने प्यावा. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत आणि तिच्यात चार तासांचे अंतर असावे. आम्लशामक गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर ती नीट शोषली जात नाही.

मधुमेह दीर्घकाळ राहिला की जठराच्या मज्जातंतूंना इजा होते. चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, काही तासांपूर्वीचे जेवण उलटीत पडते, आणि अन्न वेळेवर पुढे सरकत नसल्याने साखर कधी अकस्मात उतरते तर कधी चढते. मधुमेह व वजन यांवर अलीकडे दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने आतड्यातील एका संप्रेरकाचेच अनुकरण करतात व जठराची गती मंदावतात. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांची कल्पना द्यावी. लहान मुलाला किंवा तरुणाला पोटदुखी व उलट्या होत असून त्याचा श्वास खोल व जलद चालत असेल, श्वासाला फळासारखा वास येत असेल आणि आधीपासून तहान व लघवी वाढलेली असेल, तर ते अपचन नसून मधुमेहातील घातक आम्लता असण्याचा दाट संभव असतो. तसेच मधुमेही व्यक्तीला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता केवळ जळजळ, घाम व मळमळ या रूपानेही येतो. अशा वेळी गोळी चघळून झोपण्यापूर्वी हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवसांचा उपवास वयाच्या अठराव्या वर्षापासून साठावे वर्ष लागेपर्यंत बंधनकारक असला, तरी आजारी व्यक्तींना त्यातून सूट आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, अल्सरच्या रुग्णांनी आणि अधिवृक्क ग्रंथींचा विकार असलेल्यांनी ही सूट जरूर घ्यावी. औषध घेऊन उपाशी राहणे तर मुळीच करू नये.

पोटाची तक्रार तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकली, वजन घटू लागले, गिळताना अडथळा वाटला किंवा पन्नाशीनंतर ती प्रथमच सुरू झाली, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. ती निर्दोष निघाली आणि तरीही तक्रार कायम असेल, तर रक्ताची गणना, साखर, थायरॉइड, कॅल्शियम, सोडियम-पोटॅशियम व सकाळचे कॉर्टिसोल या चाचण्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. जाताना घरातील सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि पुड्या घेत असाल तर त्याही.