दुसरा पंप चालतो का?

आमच्या गावच्या नळपाणी योजनेला दोन पंप आहेत. एक चालायचा, दुसरा राखीव. मागच्या उन्हाळ्यात चालणाऱ्या पंपाची मोटर जळाली. दुसरा आहेच म्हणून आम्ही निश्चिंत होतो. बटण दाबलं, तर तो नुसता हूं हूं करत राहिला. वर्षभर कोणी हात लावला नव्हता, आतून गंजून जाम झालेला. चार दिवस आम्ही हंडे घेऊन विहिरीवर.

तेव्हापासून मला प्रश्न पडला, मोठ्या कारखान्यांत काय करत असतील? आपल्या अलिबागजवळ थळला आरसीएफचा खतकारखाना आहे, १९८५ पासूनचा. भाताला आपण युरिया मारतो, तो तिथे बनतो. युरियासाठी आधी अमोनिया लागतो आणि अमोनिया तयार होताना तापमान ४०० ते ५०० अंश, दाब हवेच्या शंभराहून जास्त पट. तिथे हाताने व्हॉल्व्ह फिरवत बसणं शक्य नाही. अशा ठिकाणी कंट्रोलर नावाची यंत्रं क्षणाक्षणाला तापमान, दाब वाचतात आणि व्हॉल्व्ह उघडबंद करतात. तेच बंद पडलं तर सगळा प्लांट थांबवावा लागतो, आणि पुन्हा सुरू करणं म्हणजे सोपं काम नव्हे.

म्हणून अशा कारखान्यांत महत्त्वाच्या जागी कंट्रोलरची जोडी बसवतात. एक काम करतो, दुसरा तयारीत असतो. तयारीत म्हणजे झोपलेला नाही हं! आपल्या बचत गटात सचिव वही लिहिते आणि शेजारची तीच नोंद लगेच दुसऱ्या वहीत उतरवते, तसं. पहिल्याने व्हॉल्व्ह ४० टक्के उघडला, की ते दुसऱ्यालाही कळतं. पहिला सारखा ‘मी ठीक आहे’ असा इशारा पाठवत राहतो. इशारा थांबला की दुसरा डोळ्याचं पातं लवायच्या आत काम हाती घेतो, आणि ४० टक्क्यांपासूनच पुढे चालू करतो. त्याची वही जुनी असती तर? त्याने शून्यापासून सुरुवात केली असती, व्हॉल्व्ह खाडकन बंद झाला असता.

दुसरा धोका आपल्या स्वयंपाकघरातला. सासूने आमटीत मीठ घातलं, सुनेनेही घातलं. दोघांमधली तार तुटली आणि दोन्ही कंट्रोलर स्वतःलाच मालक समजायला लागले, तर तोच प्रकार. म्हणून हुकूम एका वेळी एकाचाच चालेल, अशी सोय यंत्रातच करावी लागते. बिघडलेला दुरुस्त होऊन आला, तरी त्याने लगेच खुर्ची परत मागायची नाही. आधी राखीव म्हणून बसायचं, सगळी नोंद उतरवून घ्यायची.

आणि दोघांना वीज एकाच तारेतून दिली, तर जोडीचा उपयोग काय? ११ मार्च २०११ ला जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात बाहेरची वीज गेली, तेव्हा राखीव जनरेटर सुरू झाले होते. पण त्यातले बहुतेक तळघरात होते. त्सुनामीचं पाणी शिरलं आणि एकदमच बंद पडले. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपण पाहिलंय. वीज गेली, मोबाइल गेला, सगळं एकाच दिवशी.

शहाणे इंजिनिअर मुद्दाम, सगळं सुरळीत असताना, काम पहिल्याकडून दुसऱ्याकडे देऊन बघतात. माझ्या मते खरी राखण तीच.

आता आमच्या पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं असतं: हा आठवडा पंप एक, पुढचा आठवडा पंप दोन. पाणी सोडणारे काका सुरुवातीला कुरकुरले, ‘चालतंय ते कशाला बदलायचं?’ गेल्या महिन्यात दुसरा पंप पुन्हा अडखळला. पण सोमवारी सकाळी, टाकी भरलेली असताना. दुपारपर्यंत मेकॅनिक येऊन गेला.