पोच मिळाली

दिवाळी चार दिवसांवर आली, की परळच्या आमच्या चाळीत घरोघर चकलीचा सोऱ्या फिरू लागे. आमच्या दारापुढे मात्र रांग लागे! गिरण्यांचा बोनस झालेला असे. कुणाच्या मुठीत नोटांची घडी, कुणाच्या हातात मनिऑर्डरीचा कोरा फॉर्म. गॅलरीत सतरंजी टाकून, मांडीवर लाकडी फळी घेऊन माझे वडील त्या गर्दीच्या मधोमध बसलेले असत.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. गिरणगावातली माणसे त्यांना 'मास्तर' म्हणत, म्हणजे पोस्टमास्तर. खरे तर अण्णा पोस्टात साधे कारकून होते. पण सरकारने न दिलेली ही बढती लोकांनी केव्हाच देऊन टाकली होती. आई आतून म्हणे, "अहो, पोस्ट संध्याकाळी बंद होतं म्हणतात!" अण्णा हसत आणि पुढचा फॉर्म ओढून घेत.

रांगेतली बहुतेक माणसे कोकणातली, नाहीतर सातारा-सांगलीकडची. एकेका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि पगार झाला, की गावी पैसे धाडत. कित्येकांना अक्षर येत नसे. मनिऑर्डरीच्या फॉर्मला तळाशी मजकुरासाठी एक लहानसा तुकडा असे. तेवढ्या जागेत म्हातारीचा खोकला, शेळीची विक्री आणि धाकट्याच्या शाळेची चौकशी बसवावी लागे. अण्णा ती बसवीत. लिहून झाले, की सगळे हळू आवाजात वाचून दाखवीत. आपल्या पदरचा एक शब्द घालीत नसत. आलेली पत्रे वाचायची असली, तर आम्हा मुलांना खाली खेळायला पिटाळीत.

एकदा मी विचारले, "अण्णा, तो मघाचा माणूस का रडत होता?" अण्णांनी टाक खाली ठेवला. "बेबी, पत्र आपलं नव्हतं. मग त्यातलं रडणं तरी आपलं कसं?" माझ्यावर त्यांनी आवाज चढवल्याचे मला आठवते ते एवढेच.

त्यांना एक गोष्ट मात्र फार खुपे: अंगठा. गावी पोस्टमन पैसे घेऊन दारात आला, की घेणाऱ्याने सही करायची; ती येत नसेल, तर अंगठा आणि शेजारी साक्षीदार. साक्षीदार आला, म्हणजे किती पैसे आले हे संध्याकाळपर्यंत गावभर! मग उसने मागणारे, जुने देणे काढणारे दारात हजर. "बाईला स्वतःचे पैसे स्वतः मोजून घेता आले पाहिजेत," अण्णा म्हणत.

म्हणून त्यांनी एक उद्योग आरंभला. ज्याची बायको अंगठा करी, त्याच्या नावे दर महिन्याला एक जादा पोस्टकार्ड जाई. त्यावर त्या बाईचे नाव, टपोऱ्या अक्षरांत, एवढेच. गावातल्या एखाद्या शाळकरी पोराने 'हे तुझं नाव' म्हणून दाखवायचे आणि तिने त्यावर रोज बोट गिरवायचे. त्या कार्डावर पट्टीने दोन रेघा आखायचे काम माझे होते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. रेघ वाकडी गेली, तर अण्णा कार्ड बाजूला ठेवीत आणि दुसरे देत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पगार थांबले, तशा मनिऑर्डरीही थांबल्या. रांग राहिली, पण आता हातांत पोस्टकार्डे होती. 'या महिन्यात पैसे नाहीत' हे एकच वाक्य अण्णा दर संध्याकाळी वीस तऱ्हांनी लिहीत.

त्याच वर्षी मी एस.एस.सी.ला होते. पहिला वर्ग मिळाला, तर एच.एम.टी.चे घड्याळ द्यायचे अण्णांनी कबूल केले होते. त्यासाठी बचत खात्यात पैसेही वेगळे ठेवले होते. मला पहिला वर्ग मिळाला. घड्याळ आले नाही. ते पैसे गावी परतणाऱ्यांच्या एस.टी.च्या तिकिटांत गेले होते. आई काही बोलली नाही. मी मात्र बोलले. "तुम्हांला लोकांचीच मुलं दिसतात, अण्णा. आपली नाही दिसत."

अण्णा गप्प राहिले. आठ दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. पुढे तो आपोआप सुटला, पण ते वाक्य काही मला परत घेता आले नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी स्वतःच घड्याळ घेतले आणि तेही मुद्दाम त्यांना दाखवले. "छान आहे," ते म्हणाले. त्यांना खरेच छान वाटले होते, हेच त्या वेळी मला सोसले नाही.

२००८ साली अण्णा गेले. बाराव्या दिवशी एक म्हातारी बाई नातवाचा हात धरून जिना चढून आली. साताऱ्याकडची होती; चाळीतल्या कुणा भाचीकडून तिला कळले होते. फोटोला हात जोडून ती माझ्याजवळ बसली.

"संपात आमचं धनी खोलीवर तापानं फणफणलं व्हतं. मास्तरांनी तिकीट काढून दिलं, यष्टीत बशिवलं. त्यामुळं माणूस घरी आला, पोरी. पुढं वीस वर्सं संसार झाला."

माझे लक्ष माझ्या मनगटाकडे गेले. घड्याळाची गोष्ट तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मग तिने कनवटीची पिशवी सोडली आणि घड्या पडलेला एक कागद माझ्या हातावर ठेवला. मनिऑर्डरीची पोच होती ती. पैसे मिळाले, की सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत येत असे ती. तिच्या नवऱ्याने ती जपून ठेवली होती. वर अण्णांच्या वळणदार अक्षरात पत्ता आणि खाली, रेघेच्या बाहेर घसरत गेलेली, तीन अक्षरांची सही.

"माजी पयली सही," ती म्हणाली. "त्या दिशी साक्षीला कुणाला हाक मारली न्हाई. दार लावलं आन् पैसं दोनदा मोजलं."

मी तिला ते कागद परत देऊ लागले. तिने घेतला नाही.

जुनी कागदी मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. बँकेत रांगेत उभी असताना अजूनही एखादी बाई शाईच्या डबीकडे अंगठा नेताना दिसते. तेव्हा मी पर्समधून कागद काढते, दोन रेघा आखते आणि तिला तिचे नाव विचारते. रेघा सरळ याव्यात म्हणून फार जपते. अण्णांना वाकडी रेघ चालत नसे.