मुलांसह सायकलची सलग वाट : इटलीचा सागरकिनारा आणि दिल्लीचा यमुनाकाठ

नवी दिल्ली : मूल सायकल शिकले की पालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ती चालवायची कोठे, हा. सोसायटीच्या आवारातील फेऱ्यांचा मुलाला लवकरच कंटाळा येतो आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावर त्याला सोडण्याचे धैर्य पालकांना होत नाही. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा किंवा गाझियाबाद येथील बहुतेक कुटुंबांचा हा अनुभव आहे.

अनेक देशांनी या प्रश्नाचे उत्तर बंद पडलेल्या लोहमार्गांत शोधले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९६०च्या दशकात एल्रॉय ते स्पार्टा या जुन्या रेल्वेमार्गाची सायकलवाट झाली. स्पेनने १९९३ पासून अशा वाटांचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील उदाहरण विशेष बोलके आहे. तेथील समुद्रालगतचा एकेरी लोहमार्ग २००१ मध्ये डोंगराच्या बाजूला हलवण्यात आला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर ओस्पेदालेत्ती ते सान लोरेन्झो अल मारे अशी सुमारे २४ किलोमीटरची फरसबंद वाट तयार झाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गावे आणि मध्ये जुने बोगदे असलेल्या या वाटेवर लहान मुलांसह कुटुंबे सायकल चालवताना दिसतात.

लोहमार्गच का?

याचे कारण रेल्वेच्या बांधणीत आहे. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही आणि झटकन वळताही येत नाही. मुंबई-पुणे मार्गावरील भोर घाट हा देशातील अवघड रेल्वेघाटांपैकी एक. तेथेही चढ १:३७ एवढाच आहे, म्हणजे ३७ मीटर अंतरात एक मीटर उंची. सपाट प्रदेशातील मार्ग तर याहून कितीतरी सौम्य असतात. अशा वाटेवर लहान मुलाची दमछाक होत नाही आणि उतारावर सायकल हाताबाहेरही जात नाही. शिवाय रेल्वेला स्वतंत्र पट्टा असतो व त्याला छेदणारे रस्ते मोजके असतात. कौटुंबिक सायकलस्वारीत धोका सर्वाधिक असतो तो चौकात. चौक कमी झाले की निम्मी चिंता मिटते.

भारतात असे जुने मार्ग सहसा मोकळे होत नाहीत. १९९२ मध्ये सुरू झालेल्या एकसमान गेज धोरणानुसार मीटर व नॅरो गेजचे बहुतांश मार्ग ब्रॉडगेजमध्ये रूपांतरित झाले आणि पुष्कळ ठिकाणी जुन्याच भरावावर नवे रूळ आले. वापरातील रुळांलगत विनापरवाना फिरणे हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे येथे नक्कल करायची ती रुळांची नव्हे, तर त्या वाटेच्या गुणांची : सौम्य चढ, मोजके छेद आणि सलगता.

दिल्लीतील प्रयत्न

आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या बीआरटी मार्गावर २००८ मध्ये सायकलींसाठी वेगळी मार्गिका ठेवण्यात आली होती. मात्र तिच्यात दुचाकी शिरत राहिल्या आणि २०१६ मध्ये बीआरटी मार्गच मोडीत निघाला. गुरुग्राममध्ये १७ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘राहगिरी’ सुरू झाली. रविवारी सकाळी काही तास रस्ता मोटारींना बंद ठेवून तो मुले, सायकली आणि पादचारी यांच्या स्वाधीन करण्याची ही कल्पना कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रुजलेली आहे. जुलै २०१४ मध्ये ती कॅनॉट प्लेसलाही पोहोचली. तिने अनेक मुलांना मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवण्याचा आनंद दिला. परंतु दुपार होण्यापूर्वीच रस्ता पुन्हा मोटारींचा होत असे. २०१९ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या ‘दिल्ली सायकल वॉक’ या प्रकल्पाची पायाभरणी झाली. हिरव्या पट्ट्यांमधून सलग सायकलमार्गांचे जाळे विणणे, हा त्यामागील विचार होता.

दिल्लीला समुद्र नाही, पण नदीकाठ आहे. वजिराबाद ते ओखला या पट्ट्यात यमुना सुमारे २२ किलोमीटर वाहते. काठावरचे पूरबांध, म्हणजेच स्थानिक भाषेतील ‘पुश्ते’, लोहमार्गाच्या भरावासारखेच उंच व सपाट आहेत. त्यांपैकी काहींवर आज वाहनांचे रस्ते आहेत. मात्र बांधाची आणि पूरमैदानाची गोष्ट वेगळी. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या रेल्वेपुलाजवळ यमुनेने २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली आणि काठावरील उद्यानेही पाण्याखाली गेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच पूरमैदानातील बांधकामांना मनाई केली होती. मुंबईत पवई तलावाकाठचा सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणून पक्की फरसबंदी बांधाच्या माथ्यावर आणि नदीकडे उतरणारी वाट मुरूम-मातीची, पाणी मुरू देणारी, अशी विभागणी अधिक सयुक्तिक ठरते.

पालकांसाठी

दिल्लीत वाटेइतकेच महत्त्व हवेला आहे. हवा गुणवत्ता निर्देशांक २०१ ते ३०० असल्यास हवा ‘वाईट’, ३०१ ते ४०० ‘अतिवाईट’ आणि त्यापुढे ‘गंभीर’ मानली जाते. सायकल चालवताना श्वास जलद होतो आणि वजनाच्या मानाने मुले प्रौढांपेक्षा अधिक हवा आत घेतात. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारीत निर्देशांक पाहूनच बाहेर पडावे. फेब्रुवारी-मार्चमधील सकाळ तुलनेने अनुकूल असते. मोठे माणूस एकच असेल तर मुलाला पुढे ठेवून त्याने मागे राहावे; दोघे असतील तर एकाने पुढे, एकाने मागे. आसनावर बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. परतीचे अंतर आधीच मोजावे, कारण दमलेले मूल नेमके घरापासून सर्वांत लांब असताना थांबते.

हा प्रश्न केवळ रविवारच्या विरंगुळ्याचा नाही. २००१च्या जनगणनेत दिल्लीतील सुमारे ३८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती; २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आले. देशाची सरासरी त्या वेळी जवळपास ४५ टक्के होती. उरलेल्या सायकलींपैकी पुष्कळशा कामगार, पहारेकरी आणि दूध-वृत्तपत्र विक्रेत्यांच्या आहेत. ते आजही भरधाव वाहनांच्या कडेने वाट काढतात. आठ वर्षांच्या मुलाला निर्धास्तपणे सोडता येईल अशी वाट झाली, तर सोमवारी पहाटे कामावर निघालेल्या त्या सायकलस्वारालाही ती तितकीच सुरक्षित असेल.