परदेशातही आपले ताट आपणच वाढावे!

शिष्यवृत्ती मिळवून, नोकरी मिळवून आपल्या समाजाची मुले आज अमेरिका-इंग्लंडला पोहोचली आहेत. आम्हीही त्यांपैकीच एक कुटुंब. न्यू जर्सीत बस्तान बसल्यावर आम्हाला खरा प्रश्न पडला तो पैशांचा नव्हे, सणाचा!

शाळेत प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या सणाविषयी सांगायचे होते. मुलीने घरी येऊन विचारले, "आई, आपला सण कोणता?" आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. नागपुरात वस्तीत राहताना हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. निळे झेंडे, विहारातली वंदना, भीमगीते, शेजारणींनी मिळून केलेली खीर, हे सारे न शिकवताच अंगात भिनत होते. परदेशात वस्ती नसते. तिथे स्वयंपाकघराचा ओटा हीच वस्ती आणि बैठकीची खोली हेच विहार.

याच सुमारास मराठी मंडळींच्या एका जेवणाला गेलो. घरून एकेक पदार्थ न्यायचा होता. आमचा डबा उघडण्याआधीच दोन प्रश्न आले, "आडनाव काय?" आणि "तुम्ही व्हेज ना?" जातीने सातासमुद्रापार येताना पासपोर्ट काढलेला नसतो! सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. कायदा हवाच. पण मुलांच्या मनातला स्वाभिमान कायदा घडवत नाही, तो घर घडवते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या आणि आपण जुने देव, जुने सण सोडले. योग्यच केले! पण सोडलेली जागा रिकामी ठेवली, तर ती दुसरे कोणी भरणारच. म्हणून आम्ही घरापुरते काही नियम केले.

१४ एप्रिलला सुटी नसते. हॉलमधली जयंती सोयीच्या रविवारी होते. पण घरातली जयंती त्याच दिवशी, पहाटे. त्रिशरण, पंचशील, वाटीभर खीर आणि मग शाळा-ऑफिस. १४ ऑक्टोबरला प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक नवे पुस्तक, कारण दीक्षाभूमीवरून आपली माणसे पुस्तके घेऊनच परततात. ६ डिसेंबरला गोडधोड नाही. साधा वरण-भात, आणि गरजूंना धान्य देणाऱ्या केंद्रात एक पिशवी.

जयंतीच्या रात्रीचे जेवण मात्र आजीच्या हातचे, म्हणजे मडक्यावरच्या लांब पोळ्या. इथे मडके कुठून आणणार? कढई पालथी घातली. पहिल्या वर्षी पोळ्या फाटल्या, धुराची घंटा वाजली, शेजारी धावत आले. त्यांनाही ताटावर बसवले. आता ते दरवर्षी विचारतात, "पोळ्या कधी?" ज्या अन्नाला नाके मुरडली गेली, तेच मुलीने यंदा वर्गात अभिमानाने नेले.

लंडनला शिकताना बाबासाहेब रात्री पापडांवर भूक भागवत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवले आहे. त्या उपासमारीच्या जोरावर आज आपली ताटे भरली आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली म्हणून सनातन्यांनी मंडपातले अन्न मातीत मिसळले होते. आपल्या पंगतीचा इतिहास असा आहे. म्हणून आपली पंगत कोणालाही आडनाव विचारणार नाही.

परदेशातल्या बांधवांनो, आपल्या मुलांनी "आपला सण कोणता?" असे विचारण्याची वाट पाहू नका. येत्या १४ एप्रिलला खिरीचे पातेले चुलीवर चढवा आणि शेजाऱ्याचे दार ठोठवा!

जय भीम!